घाव एकाच बंधावर, प्रतिविष मात्र वेगळे

गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गाला जीवाणूंची चेताविषे, म्हणजे चेतासंस्थेवर घाव घालणारी विषे, शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न तास संपल्यावरही माझ्या मनातून जाईना. धनुर्वाताचे विष आणि बॉटुलिनम या जीवाणूचे (ज्याच्या विषामुळे स्नायू लुळे पाडणारा बॉटुलिझम हा आजार होतो) ‘बी’ प्रकारचे विष ही दोन्ही विषे चेतापेशीतील सिनॅप्टोब्रेव्हिन या एकाच प्रथिनाचा एकच बंध तोडतात, शहात्तराव्या आणि सत्त्याहत्तराव्या अमिनो आम्लांमधला, हे मी नुकतेच फळ्यावर लिहिले होते. “मॅडम,” ती म्हणाली, “आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून धनुर्वाताच्या लशी घेतल्या आहेत. दोन्ही विषांचे काम हुबेहूब एकच असेल, तर त्या लशीने बॉटुलिझमपासूनही थोडेफार संरक्षण मिळायला हवे. ते का मिळत नाही?” दोन्ही विषे प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने वेगळी आहेत, असे उत्तर मी दिले. ते चुकीचे नव्हते, पण खरे पाहता ते उत्तरच नव्हते. तिचाच प्रश्न मी पूर्णविराम देऊन तिला परत केला होता. हा लेख म्हणजे त्या दिवशी राहून गेलेले उत्तर आहे.

बॉटुलिनमची सर्व विषे आणि धनुर्वाताचे विष ही एकाच घराण्यातील प्रथिने आहेत. प्रत्येकाचे वजन साधारण दीड लाख डाल्टन असते आणि प्रत्येकात एक जड व एक हलकी अशा दोन साखळ्या गंधकाच्या बंधाने एकमेकींना जोडलेल्या असतात. जड साखळीचे एक टोक चेतापेशीच्या पृष्ठभागाला चिकटते, तिचा दुसरा अर्धा भाग पेशीच्या आतील पुटिकेच्या, म्हणजे इवल्या पिशवीच्या, पटलातून वाट काढून देतो आणि त्या वाटेने आत उतरलेली हलकी साखळी जस्ताच्या मदतीने आपल्या ठरलेल्या प्रथिनाचे तुकडे करते. सिनॅप्टोब्रेव्हिन तुटले की संदेशवाहक रसायनाने भरलेल्या पुटिका पेशीच्या पटलाशी एकरूप होऊ शकत नाहीत आणि संदेश तिथेच थांबतो. धनुर्वाताचे व ‘बी’ प्रकारचे विष नेमका एकच बंध तोडतात, हे इटलीतील पादुआच्या संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिले. त्यानंतर पाठ्यपुस्तकांत या दोन विषांची नावे जोडीने येऊ लागली आणि माझ्या विद्यार्थिनीसारखा तर्क करणे स्वाभाविक झाले.

या तर्कात जी गोष्ट सुटते ती अशी, की प्रतिपिंडाला, म्हणजे विषाला चिकटून त्याला अडवणाऱ्या शरीरातील प्रथिनाला, विषाचे काम दिसत नाही, त्याला केवळ विषाचा पृष्ठभाग दिसतो. बंध तोडणाऱ्या कात्रीची धार हलक्या साखळीतील एका खोल खाचेत असते आणि ती खाच उपयोगात येते तीही चेतापेशीच्या आत, जिथे रक्तातील प्रतिपिंड पोहोचतच नाहीत. रक्तात आणि ऊतकद्रवात फिरणाऱ्या विषाला अडवायचे असेल, तर ते पेशीला चिकटण्यापूर्वीच अडवावे लागते; म्हणून सर्वांत प्रभावी ठरणाऱ्या प्रतिपिंडांपैकी बरेचसे जड साखळीच्या चिकटणाऱ्या टोकावर बसणारे असतात. नेमके हेच टोक या घराण्यात फार बदलते आहे. बॉटुलिनमचे ‘ए’ विष पुटिकेवरील एसव्ही२ या प्रथिनाला धरते, ‘बी’ विष सिनॅप्टोटॅगमिनला धरते, आणि धनुर्वाताचे विष चेतातंतूंमधून वर चढत मज्जारज्जूपर्यंत जाते, म्हणून एकाच बंधावर घाव घालूनही एका आजारात स्नायू लुळे पडतात आणि दुसऱ्यात ते ताठरतात. साम्य आहे ते आतल्या धारेत आणि प्रतिपिंडाची नजर जाते ती बाहेरच्या मुठीवर. त्या दिवशी वर्गात मी एवढे जरी सांगितले असते, तरी पुष्कळ झाले असते.

पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘वेगळी’ म्हणजे किती वेगळी, आणि ते ठरवले कोणी व कसे? आपण ए, बी, सी, डी ही अक्षरे अशा थाटात शिकवतो, जणू ती त्या विषांच्या अंगावर जन्मतःच कोरलेली आहेत. माझ्या मते बॉटुलिनमच्या अभ्यासातील निम्मा गोंधळ या समजातून आला आहे. प्रत्येक अक्षर हे एका विशिष्ट प्रयोगाचे फलित आहे: हे प्रतिविष, म्हणजे प्रतिपिंड असलेला रक्तद्रव (सीरम), त्या विषाला निष्प्रभ करते की नाही? ज्या प्रयोगातून अक्षर आले तो विसरला गेला, की अक्षराचा अर्थही निसटतो.

बेल्जियममधील एलझेल या गावी डिसेंबर १८९५ मध्ये अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांच्या पथकाने खारवलेला कच्चा हॅम खाल्ला आणि अनेकांना पक्षाघात होऊन त्यांतील तिघे दगावले. गेंट विद्यापीठातील एमिल फान एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून आणि मृताच्या प्लीहेतून प्राणवायूविना वाढणारा जीवाणू वेगळा केला आणि आजार जीवाणूमुळे नसून त्याने अन्नात सोडलेल्या विषामुळे होतो, हे दाखवले. त्याआधी पाचच वर्षे, १८९० मध्ये, बर्लिनला बेहरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताच्या विषाची मात्रा दिलेल्या प्राण्याचे सीरम दुसऱ्या प्राण्याला वाचवते, हे सिद्ध केले होते. तेव्हा बॉटुलिनमसाठीही एक सीरम तयार झाले की प्रश्न सुटला, अशी अपेक्षा त्या काळी असणे साहजिक होते.

ती अपेक्षा जर्मनीतील डार्मश्टाट येथील १९०४ च्या घटनेने मोडली. तिथे डबाबंद शेंगांच्या कोशिंबिरीतून विषबाधा झाली. हा आजार केवळ मांसातून होतो, ही समजूतही त्याच वेळी खोटी ठरली. लॉइक्स या जर्मन संशोधकाने १९१० साली एलझेलचा वाण (तिथे मिळालेला जीवाणूचा प्रकार) आणि डार्मश्टाटचा वाण यांच्या विषांची समोरासमोर तुलना केली. दोन्ही विषांविरुद्ध वेगवेगळी प्रतिविषे तयार करून त्याने चारही जोड्या तपासल्या: आपले विष व आपले प्रतिविष, आपले विष व परके प्रतिविष, आणि तसेच उलट बाजूने. प्रत्येक प्रतिविष आपल्याच विषाला अडवत होते, परक्याला नाही. आजार तोच, लक्षणे तीच, सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूही तसाच, पण सीरम चालेना. जॉर्जिना बर्क यांनी १९१९ मध्ये अमेरिकेतील वाणांची अशीच विभागणी करून त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे दिली. त्यानंतरची अक्षरे जशी नवी विषे सापडली तशी पुढे लागत गेली: १९३६ मध्ये माशांतून आलेले ‘ई’, डेन्मार्कच्या लांगेलान बेटावर १९५८ साली लिव्हर पेस्टमधून झालेल्या विषबाधेनंतर ‘एफ’, आणि १९७० मध्ये अर्जेंटिनातील मक्याच्या शेतातल्या मातीतून ‘जी’.

‘सी’ आणि ‘डी’ ही नावे मी मुद्दाम बाजूला ठेवली, कारण त्यांची कहाणी मला या विषयातील सर्वांत बोधक वाटते आणि ती क्वचितच कोणी नीट सांगतो. १९२२ साली दोन ठिकाणी दोन शोध लागले. अमेरिकेत आयडा बेंग्टसन यांना हिरव्या माशीच्या अळ्यांमधून विष तयार करणारा एक जीवाणू मिळाला. त्या अळ्या खाऊन कोंबड्यांच्या माना लुळ्या पडत होत्या. ऑस्ट्रेलियात सेडन यांना गुरांच्या पक्षाघातात तसाच एक जीवाणू मिळाला. दोघांचीही विषे ‘ए’ किंवा ‘बी’च्या प्रतिविषाला दाद देत नव्हती, म्हणून दोन्हींना ‘सी’ म्हटले गेले. पण दोघांची आपसात तुलना केली, तेव्हा विचित्र गोष्ट समोर आली. बेंग्टसनच्या वाणाविरुद्धचे प्रतिविष दोन्ही विषांना अडवत होते, तर सेडनच्या वाणाविरुद्धचे प्रतिविष फक्त सेडनच्याच विषाला अडवत होते.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. नाते जर खरोखर साम्याचे असेल, तर ते दोन्ही बाजूंनी सारखे असायला हवे. राम श्यामसारखा दिसत असेल, तर श्यामही रामसारखा दिसला पाहिजे. इथे तसे होत नव्हते. पहिल्याला सी-अल्फा आणि दुसऱ्याला सी-बीटा अशी नावे देऊन प्रश्न काही दशके तसाच ठेवला गेला. उलगडा झाला तो असा, की या वाणांच्या द्रवात एकच विष नसून विषांचे मिश्रण असते. बेंग्टसनच्या वाणात आज सी१ म्हटले जाणारे खरे चेताविष होते आणि त्याखेरीज सी२ नावाचे वेगळेच विषही होते, जे चेतासंस्थेशी संबंध न ठेवता पेशीतील अ‍ॅक्टिनवर काम करते. सेडनच्या प्रकारच्या वाणात मुख्यत्वे सी२च उरले होते. म्हणून मिश्रणाविरुद्धचे प्रतिविष दोघांना पुरे पडायचे आणि एकट्याविरुद्धचे प्रतिविष मिश्रणापुढे अपुरे ठरायचे. विषम दिसणारे नाते हे साम्याचे नव्हतेच, समावेशाचे होते.

त्यावर आणखी एक कडी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एकलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चढवली. सी१ आणि ‘डी’ या विषांची जनुके जीवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रावर नसतात, ती जीवाणूला लागण करणाऱ्या विषाणूवर, म्हणजे बॅक्टेरिओफेजवर असतात. फेज निघून गेला, की तोच वाण चेताविष तयार करणे बंद करतो. ‘डी’चा फेज दिला, की कालचा ‘सी’ वाण आज ‘डी’ विष तयार करू लागतो. दक्षिण आफ्रिकेत हाडे चघळणाऱ्या गुरांना होणाऱ्या लामझिक्त या आजारामागे जे ‘डी’ विष १९२०च्या दशकात सापडले, त्याचे ‘सी’शी नाते हे असे आहे. पुढे १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी या दोन विषांचे सांधेही दाखवले: काही वाणांत हलकी साखळी ‘सी’ची आणि चिकटणारे टोक ‘डी’चे, तर काहींत याच्या उलट. अशा सांधलेल्या विषाला कोणते अक्षर द्यायचे, हे आता तुम्ही त्याचा कोणता भाग पाहता यावर अवलंबून राहते. प्रतिपिंड बहुधा टोकाच्या बाजूने कौल देतात आणि तोडले जाणारे प्रथिन पाहणारी चाचणी हलक्या साखळीच्या बाजूने. दोन्ही चाचण्या बरोबर असूनही दोन अक्षरे येऊ शकतात.

एकूण गोष्ट अशी, की प्रतिकारगुण हा विषाच्या रेणूचा असतो. वाणाचा किंवा जातीचा तो नसतो. आपल्याकडची याची आठवण दुःखद आहे. गुजरातमधील एका निवासी शाळेत सप्टेंबर १९९६ मध्ये ३४ विद्यार्थी आजारी पडले आणि त्यांतील तिघे दगावले. बेसनाच्या शेवेच्या नमुन्यातून जो जीवाणू मिळाला तो क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम नव्हताच. तो क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम होता, पण त्याच्यात ‘ई’ प्रकारच्या चेताविषाचे जनुक होते. ज्या ‘ई’ विषाचा संबंध पुस्तकात थंड पाण्यातील माशांशी जोडलेला असतो, ते इथे शेवेत, वेगळ्याच जातीच्या जीवाणूकडून आले होते. ब्युटिरिकमकडे ‘ई’ विष असू शकते हे १९८६ मध्ये रोममधील दोन तान्ह्या बाळांच्या आजारातून कळले होते, तसेच क्लॉस्ट्रिडियम बॅराटीकडे ‘एफ’ विष असते हेही कळले होते. जात वेगळी निघाली म्हणून प्रतिविष बदलावे लागत नाही, आणि जात तीच असली म्हणून तेच प्रतिविष चालेल याची खात्री नसते, हे निदान करणाऱ्यासाठी अत्यंत व्यावहारिक सत्य आहे.

आता ‘निष्प्रभ करते’ या शब्दांकडे वळते, कारण तुलना तिथेच ठरते. पारंपरिक चाचणीत ठरावीक विष आणि प्रतिविष एकत्र करून काही वेळ ठेवतात, मग ते मिश्रण उंदराच्या पोटात टोचतात आणि चार दिवस लक्ष ठेवतात. विष उरले असेल तर उंदराची कंबर श्वासागणिक गांधीलमाशीसारखी आत खेचली जाते. एकदा पाहिलेले ते दृश्य विसरता येत नाही, आणि आज पेशींवर व एंझाइमवर आधारित चाचण्या उंदरांची जागा घेऊ लागल्या आहेत याचे मला मनापासून समाधान वाटते. पण मुद्दा मोजमापाचा आहे. ए, बी, सी, डी आणि एफ यांच्या प्रतिविषाचे एक आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे उंदराच्या १०,००० मध्य-घातक मात्रा (एक मात्रा म्हणजे निम्मे उंदीर मरतील इतके विष) निष्प्रभ करणारे प्रमाण. ‘ई’च्या बाबतीत मात्र एक एकक म्हणजे केवळ १,००० मात्रा. तेव्हा ‘ए’चे दहा एकक आणि ‘ई’चे दहा एकक यांची नुसती आकड्यांवरून तुलना करणारा विद्यार्थी दसपटीने चुकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रतिविष पुरेसे जास्त घातले तर दूरच्या नात्यातील विषही काही अंशी अडते आणि विष पुरेसे जास्त घातले तर स्वतःचे प्रतिविषही हरते. हो किंवा नाही असे जे उत्तर आपण अक्षराच्या रूपाने लिहून ठेवतो, ते मुळात एका ठरावीक मात्रेवर आखलेल्या रेषेच्या अलीकडचे किंवा पलीकडचे स्थान असते.

ही रेषा किती फसवी आहे, हे उपप्रकारांमुळे उघड झाले. निरनिराळ्या अक्षरांच्या विषांत साधारण ३७ ते ७० टक्के अमिनो आम्ले वेगळी असतात; पण एकाच अक्षराच्या आतही फरक असतो आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तो २.६ टक्क्यांपासून ३२ टक्क्यांपर्यंत आढळला. ए१ आणि ए२ यांच्यात सुमारे दहा टक्के फरक आहे. ए१विरुद्ध घडवलेले काही उत्तम मोनोक्लोनल (एकाच साच्यातले, विषाच्या एकाच जागी बसणारे) प्रतिपिंड ए२ समोर आले, तेव्हा त्यांची पकड पाचशे ते हजार पटींनी किंवा त्याहूनही अधिक सैल पडली आणि उंदरांतील संरक्षणही बरेच कमी झाले. दोन्ही विषांच्या बाटलीवर ‘ए’ हेच अक्षर, पण प्रतिपिंडाच्या दृष्टीने हजारपट अंतर. ए२ हा काही कोपऱ्यातला दुर्मीळ प्रकार नाही. जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या बॉटुलिझममध्ये मिळालेला क्योटो वाण याच उपप्रकारातला आहे.

मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या या अभ्यासातला मला सर्वाधिक आवडणारा भाग २००२ मधला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील जेम्स मार्क्स यांच्या गटाने ‘ए’ विषाच्या वेगवेगळ्या जागांवर बसणारे तीन प्रतिपिंड घेतले. एकेकटा दिला तेव्हा त्यांतील कोणताही नाव घेण्याजोगे संरक्षण देत नव्हता. तिघे एकत्र दिले तेव्हा त्यांनी ४,५०,००० घातक मात्रा निष्प्रभ केल्या आणि लसवंत माणसांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांपेक्षा ते नव्वदपट समर्थ ठरले. तीन बाजूंनी झाकलेल्या विषाला चिकटायला जागा उरत नाही आणि असे जड झालेले गाठोडे यकृत रक्तातून लवकर काढून टाकते. याच गटाने २००७ मध्ये एका प्रतिपिंडात नेमके बदल घडवून त्याची ए२वरची पकड १,२५० पटींनी घट्ट केली आणि तरीही ए१वरची पकड ढळू दिली नाही. प्रतिपिंडाची नजर संकुचित असेल, तर ती प्रयोगशाळेत रुंदावता येते, हे त्यातून दिसले.

घोड्याच्या सीरमचे जुने सामर्थ्य यामुळे नव्याने लक्षात येते. घोड्याच्या शरीरात एकाच विषाच्या कितीतरी जागांविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. त्यांतील काही ए२ला मुकले, तरी उरलेले काम भागवतात. अमेरिकी लष्कराने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘फर्स्ट फ्लाइट’ नावाच्या एका घोड्याला या कामी लावले आणि त्या एकट्याच्या रक्तात सातही प्रकारांविरुद्ध प्रतिविष तयार केले गेले. तिथे २०१३ मध्ये मान्यता मिळालेले सप्तसंयोजी, म्हणजे सातही प्रकारांवरचे, प्रतिविषही घोड्यांच्याच सीरमचे आहे. त्यातील प्रतिपिंडांचा घोडेपणा दाखवणारा भाग कापून टाकलेला असतो. घोड्याच्या प्रथिनांची भीती तान्ह्या बाळांच्या बाबतीत जास्त असल्याने त्यांच्यासाठी २००३ पासून मानवी रक्तातील प्रतिपिंडांचे औषध उपलब्ध आहे, पण ते फक्त ‘ए’ आणि ‘बी’साठी. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही १९६६ मध्ये घोडे पाळणाऱ्या कुटुंबातून झाली आणि तिच्या पहिल्या उत्पादनांत धनुर्वाताचे प्रतिविष होते, याची इथे आठवण होते.

अक्षरावर विसंबण्याची किंमत काय असते, ते अलीकडच्या ‘एच’ प्रकरणात दिसले. कॅलिफोर्नियातील एका तान्ह्या बाळाच्या आजारातून मिळालेला वाण दोन विषे तयार करत होता. एक ‘बी’ आणि दुसरे अनोळखी. सातही प्रतिविषांपैकी एकही त्या अनोळखी विषाला पुरेसे अडवत नाही, असे सांगून संशोधकांनी २०१३ च्या अखेरीस त्याला ‘एच’ हे नवे अक्षर दिले. ज्यावर उतारा नाही अशा विषाची रचना जगजाहीर करू नये, म्हणून त्याच्या जनुकाचा क्रम राखून ठेवण्यात आला आणि वैज्ञानिक नियतकालिकाने तसा निबंध छापलाही. पुढे क्रम उघड झाला, तेव्हा दिसले की त्याची हलकी साखळी ‘एफ’च्या एका उपप्रकारासारखी आहे आणि चिकटणारे टोक ए१सारखे. २०१६ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळांनी तपासले, तेव्हा ‘ए’च्या प्रतिविषाने ते अडले. आज बहुतेक जण त्याला ‘एफए’ हे जोडनाव वापरतात.

या प्रकरणात कोणी खोटेपणा केला, असे मला वाटत नाही. एकाच द्रवात दोन विषे असताना आधी ‘बी’ला पूर्ण झाकायचे आणि मग उरलेल्याची परीक्षा घ्यायची, ही चाचणी खरोखर अवघड आहे आणि त्यात प्रतिविषाची मात्रा थोडी कमी पडली तरी ‘अडत नाही’ असे उत्तर येते. शंभर वर्षांपूर्वी सी-अल्फाने जो धडा दिला होता, की मिश्रणाची तुलना करताना त्यातील घटक आधी वेगळे करावेत, तो मात्र पुन्हा एकदा गिरवावा लागला. माझा आक्षेप आहे तो घाईघाईने अक्षर देण्याला आणि त्या अक्षराभोवती भीती उभी करण्याला. ‘ए’च्या प्रतिविषाला इतक्या मात्रेवर इतका प्रतिसाद, असा आकडा आधी आला असता, तर अक्षराची गरजच पडली नसती. याउलट ‘एक्स’ या विषाचे उदाहरण आहे. जपानी बाळातून मिळालेल्या एका जुन्या वाणाच्या जनुकक्रमात ते २०१७ मध्ये आढळले. सातही प्रतिविषे त्याला ओळखत नाहीत आणि उंदरांवर त्याचा परिणामही फार क्षीण आहे. तिथे क्रम आधी वाचला गेला आणि सीरम नंतर तपासले गेले.

या सगळ्याचा उपयोग केवळ विषबाधेपुरता आहे, असेही नाही. मान वाकडी होणाऱ्या डिस्टोनियाच्या रुग्णांना दर काही महिन्यांनी ‘ए’ विषाची सूक्ष्म इंजेक्शने दिली जातात. काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात आणि औषध लागू पडेनासे होते. अशांना ‘बी’ विष दिले की स्नायू पुन्हा सैल होतात, कारण ‘ए’विरुद्धचे प्रतिपिंड ‘बी’ला अडवत नाहीत, लॉइक्सच्या १९१० मधील प्रयोगाची ही जिवंत माणसावरील पुनरावृत्तीच म्हणावी लागेल. दुर्दैवाने ‘बी’ची मात्रा मोठी लागते आणि कालांतराने त्याविरुद्धही प्रतिपिंड तयार होऊ शकतात. शरीरात किती प्रथिन जाते, यावर बरेच अवलंबून असते: १९९७ नंतर ‘ए’च्या प्रसिद्ध औषधात शंभर एककांमागील प्रथिन २५ नॅनोग्रॅमवरून सुमारे पाचवर आणले गेले आणि असा प्रतिकार होण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले.

शेवटी पुन्हा धनुर्वात. जगात कुठेही, कोणत्याही मातीतून मिळालेला वाण घ्या, धनुर्वाताच्या विषाचा सीरोटाइप, म्हणजे प्रतिविषावरून ठरणारा प्रकार, एकच निघतो. निरनिराळ्या वाणांच्या विषांचे क्रम जवळपास सारखेच असतात. म्हणूनच एकाच टॉक्सॉइडवर, म्हणजे निरुपद्रवी केलेल्या विषावर, जगभराचे लसीकरण उभे राहिले आणि २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करता आले. हेच विष जर बॉटुलिनमसारखे सात अक्षरांत विभागलेले असते, तर प्रसूतीच्या खोलीतील ती साधी लस कशी असती, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. यातली आणखी एक बाब विद्यार्थ्यांना नेहमी चकित करते: धनुर्वातातून बरा झालेला रुग्णसुद्धा प्रतिकारक्षम होत नाही, त्यालाही लस द्यावी लागते, कारण आजार घडवायला पुरणारे विष इतके थोडे असते, की प्रतिकारयंत्रणेला त्याची दखल घेण्याइतके ते नसतेच. बॉटुलिझमचेही तसेच आहे.

त्या विद्यार्थिनीला मी हे पुढच्या आठवड्यात सांगितले. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला: धनुर्वाताची लस घेतलेल्या माणसाच्या प्रतिपिंडांपैकी हलक्या साखळीवर बसणारे काही प्रतिपिंड ‘बी’च्या हलक्या साखळीलाही चिकटत असतील का? चिकटू शकतात, दोन्हींच्या हलक्या साखळ्यांत साधारण निम्मी अमिनो आम्ले सारखी आहेत. पण चिकटणे वेगळे आणि निष्प्रभ करणे वेगळे. चाचणीच्या प्लेटवर प्रतिपिंड चिकटल्याचा रंग उमटला म्हणून उंदीर वाचत नाही. या वर्षीच्या प्रात्यक्षिकात मी अक्षरांचा तक्ता लावणार नाही. बेंग्टसन आणि सेडन यांच्या वाणांचे चार घरांचे कोष्टक, दोन विषे आणि दोन प्रतिविषे, निकालांसह फळ्यावर मांडणार आहे आणि विषम निकाल कशामुळे आला, ते त्यांनाच शोधायला सांगणार आहे.